अनुभव धागा: शब्बाथाची आज्ञा तुमच्याकडे प्रत्यक्षात कशी पाळतात?

संडेस्कूलवाली
जय ख्रिस्त मंडळी. रविवारच्या वर्गासाठी बायबलमधल्या लूकचा १४वा अध्याय काढला आणि जुना वाद डोक्यात परत सुरू झाला. विहिरीत पडलेला बैल शब्बाथी (आठवड्याचा विसाव्याचा दिवस; यहुद्यांचा शनिवार, बहुतेक ख्रिस्त्यांचा रविवार) बाहेर काढायचा, हे येशूने परुश्यांना (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) निरुत्तर करून दाखवलं, ते ठीक. पण मग विहिरीवरचा पंप रविवारी दुरुस्त करायचा का? त्यासाठी मेकॅनिकला घरून उठवायचं का? आठवीतली मुलं हे विचारणारच.

सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे ही आज्ञा बायबलच्या दोन पुस्तकांत आहे, निर्गम २०:८-११ आणि अनुवाद ५:१२-१५, आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. निर्गमात सृष्टी: देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात मिसर (इजिप्त): तूही तिथे दास होतास हे आठव, तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. वर्गात बहुतेक वेळा पहिलंच कारण शिकवलं जातं आणि मुलं "देव दमला का?" यावर अडकून बसतात. दुसरं घेतलं की गाडी पुढे सरकते, असं माझं मत.

आज्ञेतली यादीही नीट वाचा. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका. तुमच्यामुळे कोणाकोणाला राबावं लागतं त्याची यादी आहे ती.

प्रवचन नको. पाळणारे आणि शिकवणारे नेमकं काय करतात ते लिहा. वेळा, नियम, स्वयंपाक, शेती, ड्युटी, कुठे फसतं.

वसईची_कॅटेकिस्ट
आधी आकडा सरळ करू. कॅथलिक आणि लूथरन मोजणीत दहा आज्ञांपैकी ही तिसरी आज्ञा. बाकी प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि यहुदी मोजणीत चौथी. वचनं तीच, फक्त आमच्याकडे मूर्तींचा भाग पहिल्या आज्ञेत जातो आणि शेवटी लोभाची आज्ञा दोन होते. बायबल क्विझमध्ये "चौथी आज्ञा कोणती" हा प्रश्न काढू नका. अर्धी मुलं "आईबापाचा मान राख" लिहितात आणि ती बरोबर असतात.

आता नियम. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चचा कायदा) कलम १२४७ मध्ये दोन गोष्टी एकत्र आहेत. रविवारी मिस्सेत (चर्चमधली मुख्य उपासना) सहभागी व्हायचं, आणि तीन गोष्टींच्या आड येणारी कामं टाळायची: देवाची उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद, मनाशरीराचा विसावा. १९१७च्या जुन्या कायद्यात अंगमेहनतीच्या कामांना सरळ बंदी होती. नीतिशास्त्राचे जुने ग्रंथ तर अडीच-तीन तासांच्या वर अंगमेहनत झाली की गंभीर पाप असा हिशोब मांडायचे. त्यामुळे दिवसभर लेखणी चालवणारा सुटायचा आणि कुंपण बांधणारा अडकायचा. १९८३च्या कायद्यात ती भाषा गेली. आता विचारायचं एवढंच की हे काम आज त्या तिन्हींपैकी कशाच्या आड येतंय का.

मिस्सेचं बंधन सात वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं. आदल्या संध्याकाळची मिस्सा चालते, हे १२४८ मध्ये. आजारपण, तान्हं मूल, आजाऱ्याची देखभाल असं खरं कारण असेल तर दोष नाही. कारण नसताना मुद्दाम चुकवणं मात्र गंभीर पाप, ते कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणुकीचं पुस्तक) २१८१ मध्ये वाचा. फादर पोचूच शकत नाहीत अशा ठिकाणी शब्दविधी (बायबल वाचनाची उपासना) किंवा घरच्या घरी कुटुंबाची प्रार्थना करावी, असं त्याच १२४८च्या दुसऱ्या भागात सुचवलंय.

फसतं कुठे? "मिस्सा झाली की आज्ञा पाळली" असं पालकच मुलांना शिकवतात. अर्धीच झाली.

बांगडाफ्राय
तिसरी की चौथी या वादात आमच्या शाळेतल्या टीचरबाईंनी दोन्हीला मार्क दिले असते तर माझी ट्रॉफी आज कपाटात असती. असो. वाचतोय.

शनिवारवाला
हॅपी सॅबथ म्हणायला अजून दोन दिवस आहेत, तरी म्हणतो.

आम्ही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शुक्रवारची मावळती ते शनिवारची मावळती. लेवीय २३:३२ मध्ये "संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत" आहे. ते वचन प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल असलं तरी दिवसाची मोजणी तीच. मार्क १:३२ मध्येही लोक सूर्य मावळल्यावर आजाऱ्यांना घेऊन येतात, कारण तेव्हा शब्बाथ संपलेला असतो.

पुण्यात सूर्य जूनअखेर सव्वासातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आगेमागे. म्हणून मावळतीच्या वेळांचा तक्ता हाताशी लागतो. अंदाजाने "सात वाजता" धरून चालणारा माणूस हिवाळ्यात मावळतीला पिशव्या घेऊन भाजीबाजारात उभा असतो.

शुक्रवार हा तयारीचा दिवस (लूक २३:५४). क्रम उलटा लावायचा. मावळतीच्या अर्धा तास आधी सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या हव्यात, त्याआधी केरफरशी, त्याआधी स्वयंपाक. इस्त्री, बूट पॉलिश, पेट्रोल, मोबाइल रिचार्ज हे गुरुवारीच, नाहीतर शुक्रवारी पाच वाजता घरात भांडण ठरलेलं.

स्वयंपाकाचा दाखला निर्गम १६ मध्ये. रोज माणशी एक ओमेर (एक माप) मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न), सहाव्या दिवशी दोन, आणि भाजायचं-उकडायचं ते आदल्या दिवशी. इतर दिवशी उरवलेल्या मान्नात किडे पडायचे, शब्बाथाच्या वाट्याला पडले नाहीत. आपल्या आमटीला मात्र ही सवलत नाही. ओलं खोबरं घातलेलं काहीही मे महिन्यात सकाळपर्यंत आंबतं. मोड आलेल्या कडधान्याची सुकी उसळ, सुक्या खोबऱ्याचं वाटण, फोडणी खमंग करून घातलेली. भात शिजवून तासाभरात फ्रीजमध्ये, शनिवारी फक्त गरम करायचा. कोशिंबिरीची काकडी आयत्या वेळी चोचवावी, आदल्या रात्री मीठ लावलं तर पाणी सुटून गिचका होतो. जेवणानंतर भांडी विसळून ठेवायची, घासणं मावळतीनंतर.

सकाळी आधी शब्बाथ शाळा, मग उपासना, मग सगळ्यांचे डबे एकत्र करून जेवण. दुपारी आजाऱ्यांच्या भेटी. आमच्या दवाखान्यात कॅज्युअल्टी आणि वॉर्ड चालू, पुढे ढकलता येईल ते ऑपरेशन बंद.

कोल्हापुरी_वहिनी
यादी दोनदा वाचली. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, बैल, पाहुणा. बायको कुठंय? म्हणून रविवारी बारा वाजता मंडळी उपासनेहून आली की मटणाच्या वासाला कोणी जागायचं ते आपोआप ठरतं होय.

संडेस्कूलवाली
@वहिनी 😂😂 हा प्रश्न वर्गात कधी आलेला नाही, आता मीच काढणार.

निवृत्त_पाळक
@कोल्हापुरी_वहिनी, प्रश्न जुना आहे आणि भाष्यकारांनी त्यावर लिहिलंय. "तू" मध्ये घरधनी आणि घरधनीण दोघं धरायची. नाहीतर मोलकरणीला सुट्टी आणि मालकिणीला नाही, असा विचित्र अर्थ निघतो. हे स्पष्टीकरण स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

मटण शनिवारी रात्रीच शिजवावं. रस्सा रात्रभर मुरला की दुसऱ्या दिवशी चढतोच. अडचण भाकरीची, ती शिळी चालत नाही. रविवारी पाव आणा.

आता आज्ञेबद्दल. प्रॉटेस्टंटांत एकच मत आहे असं समजू नका. लूथरने १५२९च्या लहान कॅटेकिझममध्ये या आज्ञेचा अर्थ सांगताना विसाव्याचा उल्लेखच केलेला नाही. देवाचं वचन तुच्छ लेखू नका, आवडीने ऐका आणि शिका, एवढंच. हायडेलबर्ग कॅटेकिझम (१५६३, प्रश्न १०३) म्हणतो की वचनाची सेवा आणि शाळा चालू ठेवा, मंडळीत (चर्चमध्ये) या, गरिबांना द्या, आणि वाईट कामांपासूनचा विसावा मात्र आयुष्यभर, रोज. वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा कबुलीजबाब (१६४६, अध्याय २१) सर्वांत कडक: अख्खा दिवस कामंच काय, कामाच्या गप्पा आणि कामाचे विचारसुद्धा बाजूला. सूट फक्त गरजेच्या आणि दयेच्या कामांना. स्कॉटिश मिशनच्या पठडीतल्या मंडळ्यांमध्ये "रविवारी पत्ते नाहीत, सिनेमा नाही" हे जे होतं, ते इथून आलं.

पंपाला हीच चाळणी लावा. पिण्याचं पाणी किंवा गुरांचं पाणी त्यावर असेल तर गरज, करा. बागेला पाणी द्यायला असेल तर सोमवार उजाडतोच. आणि मेकॅनिकला बोलवण्याआधी बादली-दोराने भागतं का ते बघा, त्यालाही रविवार आहे.

शनिवारचा रविवार कसा झाला यावर इथे कोणीतरी भांडण काढणारच, म्हणून आधीच सांगतो. नव्या करारात आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमणं आहे (प्रेषितांची कृत्ये २०:७), त्याच दिवशी दान बाजूला ठेवणं आहे (१ करिंथ १६:२). साधारण १५५च्या सुमारास जस्टिन मार्टिर हा सुरुवातीचा ख्रिस्ती लेखक रोममध्ये रविवारच्या सभेचं वर्णन करतो: वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, जे आले नाहीत त्यांना डीकन (मंडळीचे सेवक) वाटा घरपोच देतात, आणि वर्गणीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांना मदत. काम बंद ठेवण्याबद्दल त्या वर्णनात चकार शब्द नाही. दिवसभराची सुट्टी नंतर आली.

शनिवारवाला
@निवृत्त_पाळक काका, भांडण नाही काढत 🙏 पण सुट्टी "नंतर आली" ती कोणाच्या हुकमाने, तेही लिहा.

निवृत्त_पाळक
लिहितो. सम्राट कॉन्स्टंटाइन, ७ मार्च ३२१. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारखाने यांनी सूर्याच्या दिवशी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना मोकळीक, कारण पेरणीला आणि द्राक्षवेलींना योग्य दिवस हातचा गेला तर परत मिळत नाही.

वाडीवाला
थांबा, इथे मला बोलायचंय. कॉन्स्टंटाइनने शेतकऱ्याला सोडलं, पण निर्गम ३४:२१ उलट सांगतं: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घे. म्हणजे नेमकं ज्या वेळी सोडावंसं वाटतं त्याच वेळी धर. हंगाम नसताना सुट्टी कोणीही देतो.

वसई पट्ट्यात केळी, फुलं, भाजी. सोमवारच्या पहाटेच्या बाजाराचा माल रविवारी काढावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण बाकीचं हलवता येतं:
पाणी देणं हे गरजेत बसतं (लूक १३:१५, बैल सोडून पाण्यावर नेता ना). ठिबक असेल तर टायमर शनिवारी लावून मोकळं. पाटाचं पाणी असेल तर वीज कधी आहे ते बघून एकच पाळी.
फवारणी, खत, नवी लागवड, आंतरमशागत, हे एक दिवस पुढे गेलं तर काही बिघडत नाही. अपवाद पावसाचा. सोमवारी झड लागणार असं दिसत असेल आणि औषध आजच मारायला हवं असेल तर मारा.
सगळ्यात गोची मजुराची. मालक मिस्सेला आणि आदिवासी मजूर वाफ्यात, हे चित्र यादीतल्या "दास, दासी, परका" या तिन्ही शब्दांच्या विरुद्ध. रविवारी काढणीला माणूस लावलाच तर दोन तासांत सोडा आणि आठवड्यात दुसरा दिवस पगारी सुट्टी द्या. बिनपगारी सुट्टी म्हणजे उपास, विसावा नव्हे.

वसईची_कॅटेकिस्ट
@वाडीवाला +१. कॅटेकिझम २१८७ मध्ये हेच आहे. दुसऱ्याला रविवार पाळता येणार नाही अशी अनावश्यक मागणी करू नका, आणि ज्यांना काम करावंच लागतं त्यांना पुरेसा मोकळा वेळ मिळेल हे बघणं मालकाच्या अंगावर.

नवगावकर
ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. राहवलं नाही म्हणून लिहितोय. कोकणात आम्हाला "शनिवार तेली" म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद.

विहिरीतल्या बैलाबद्दल थोडी माहिती, कारण नेहमी असं सांगितलं जातं की यहुदी त्याला मरू द्यायचे. तसं नाही. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात (शब्बाथ १२८ब) चर्चा आहे: जनावर पाण्यात पडलं तर तिथेच चारा द्या, नाहीतर उशा-गाद्या आणून खाली टाका, त्यावर पाय देऊन चढून आलं तर आलं. कडक होते ते मृत समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या लेखांच्या गुंडाळ्यांतले लोक. त्यांच्या दमास्कस दस्तऐवजात खड्ड्यात पडलेलं जनावर शब्बाथी वर काढू नये असं साफ लिहिलंय. म्हणजे येशूच्या काळी हा वाद खरोखरचा आणि चालू होता. माणसाचा जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचाच, याबद्दल आमच्याकडे दुमत नाही.

आणि शब्बाथ संपायला मावळती पुरत नाही, तीन तारे दिसावे लागतात. पावसाळ्यात अलिबागला तारे कुठले, तक्ताच बघतात.

संडेस्कूलवाली
@नवगावकर उशा-गाद्या!! हे वर्गात सांगणारच. मनापासून आभार. घाण्याचा बैल शनिवारी मोकळा, हे तर मुलांना आज्ञा न वाचता कळेल.

कोल्हापुरी_वहिनी
अवांतर: नवगावकर, तुमच्याकडचा मलिदा एकदा खाल्लाय. पोहे, खोबरं, साखर, फळं. त्यात गुलाबपाणी घालतात का हो?

नवगावकर
काही घरांत घालतात, काही फक्त वेलची. पोहे जाड नकोत, आणि भिजवून लगेच निथळायचे.

गिरणगावचा
धागा धर्माचा आहे, पण सगळ्यांना मिळणारा रविवार इथे चर्चमधून आलेला नाही हे लिहायला हवं. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे. सत्यशोधक माणूस. १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन उभी केली. साहेब रविवारी चर्चला जातो म्हणून आम्हालाही द्या, एवढ्यावर ते थांबले नाहीत. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केलं.

निवृत्त_पाळक
@गिरणगावचा, हे प्रवचनात वापरण्यासारखं आहे. अनुवाद ५ मधलं मिसरचं कारण आणि लोखंड्यांची मागणी शेजारी ठेवली तर दास म्हणजे कोण हे समजवावं लागत नाही.

रात्रपाळी
घाईत विचारते, लंच ब्रेक आहे. नर्स. शनिवारी रात्री आठ ते रविवारी सकाळी आठ, मग झोप. महिन्यातले दोन रविवार असेच. मिस्सेचं काय?

वसईची_कॅटेकिस्ट
@रात्रपाळी ताई, आजाऱ्यांची सेवा हे खरं कारण आहे, बंधन उरत नाही. तरी जमवायचं असेल तर शनिवारी ड्युटीला जाण्याआधीची संध्याकाळची मिस्सा, किंवा झोप काढून रविवारी संध्याकाळची. दोन्ही जमत नसेल तर धर्मग्रामाच्या फादरांशी एकदा बोला. कॅनन १२४५ प्रमाणे ते सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं भक्तिकार्य ठरवून देऊ शकतात. एकदा बोललं की दर वेळी मनाला टोचणी नको.

आणि टीव्हीवरची मिस्सा "धरली जाते का" असं २०२० पासून सगळे विचारतात. धरली जात नाही, पण तुम्हाला येणं शक्यच नव्हतं तर बंधनच नव्हतं, त्यामुळे धरायचा प्रश्न येत नाही. बघायला काहीच हरकत नाही, चांगलंच आहे.

रात्रपाळी
थँक्यू ताई. पळते.

शनिवारवाला
@रात्रपाळी आमच्यातल्या नर्सेसही शब्बाथी ड्युटी करतात, दयेचं काम म्हणूनच. काहीजण त्या दिवसाचा पगार दानात टाकतात. सक्ती नाही.

ऑकलंडकर
शनिवारवाल्यांसाठी एक गंमत. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर तुमचे ॲडव्हेंटिस्ट रविवारी जमतात! कारण टोंगा १८० रेखांशाच्या पूर्वेला आहे, पण तारीख आशियाच्या बाजूची वापरतं. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी रेखांश खरा मानला, त्यामुळे स्थानिक कॅलेंडरचा रविवार हा त्यांच्या हिशोबाने सातवा दिवस. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबरचा शुक्रवारच कॅलेंडरमधून गाळला आणि तारीखरेषेच्या अलीकडे आला. तेव्हा तिथल्या मंडळ्यांत यावरून फूट पडली. काहींनी नव्या कॅलेंडरचा शनिवार धरला, अधिकृत मंडळी रविवारी.

बांगडाफ्राय
म्हणजे विमानाने टोंगाहून उडालं तर एका आठवड्यात दोन शब्बाथ किंवा एकही नाही? ऑफिसला कळवू नका कोणी.

शनिवारवाला
@बांगडाफ्राय 😄 प्रवासात जिथे आहात तिथली मावळती धरायची, एवढं सोपं आहे. टोंगाचं प्रकरण आमच्यातही अजून मिटलेलं नाही.

खरी डोकेदुखी परीक्षांची. शनिवारचा पेपर आला की पालक आदल्या आठवड्यात धावपळ करतात, तेव्हा काहीही होत नसतं. वेळापत्रक जाहीर झाल्याच्या आठवड्यातच अर्ज द्या. सोबत मंडळीचं पत्र, हॉलतिकिटाची किंवा फॉर्मची प्रत, आणि मागणी एकच आणि स्पष्ट: दुसरी तारीख, किंवा मावळतीनंतरची वेळ आणि तोपर्यंत आम्हाला वेगळ्या खोलीत बसवा. पोच घ्या. नकार येऊ शकतो, म्हणून पुरवणी परीक्षेची तारीखही बघून ठेवा. मुलाला आधी विचारा. निर्णय त्याने घेतलेला नसेल तर वर्ष गेल्यावर राग आज्ञेवर निघतो.

निवृत्त_पाळक
स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं उदाहरण याला चपखल. १९२४, पॅरिस ऑलिंपिक. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, म्हणून तो धावला नाही. पण हे त्याला महिनोनमहिने आधी माहीत होतं, आणि तेवढा वेळ त्याने ४०० मीटरच्या सरावाला दिला. ४७.६ सेकंदांत सुवर्ण. फॉर्म भरताना वार बघत होता तो.

एक भर. दर रविवारी आज्ञा मोडणारा माणूस प्रत्येक मंडळीत असतो, तो म्हणजे पाळक. गणना २८:९-१० पाहा, रोजच्या बळीच्या दोन कोकरांवर शब्बाथी आणखी दोन. याजकांचं काम त्या दिवशी दुप्पट, आणि मत्तय १२:५ मध्ये येशू म्हणतो की ते निर्दोष. ठीक. पण मग त्यांचा विसावा कधी? सोमवार ठरवा आणि त्या दिवशी कमिटीची मीटिंग लावू नका. ऑर्गनवाला, दरवाजा उघडणारा, चहावाली बाई, सगळ्यांना हेच. दर पाचव्या रविवारी चहाला सुट्टी देऊन पाहा. कुरकुर दोन महिने चालते, मग थांबते.

ऑर्गनवाला
@निवृत्त_पाळक तुम्ही आमच्या मंडळीचे पाळक का नाही झालात 😭

बरं, हंगामाच्या सणाच्या लिलावाबद्दल बोला कोणीतरी. उपासना संपली की दानात आलेला भोपळा, नारळ, कोंबडा यांची बोली. रविवारी खरेदी-विक्री नको म्हणणारेच सगळ्यात मोठ्याने ओरडतात.

निवृत्त_पाळक
ते दानार्पण आहे, विक्री नाही, असं म्हणून सुटता येतं, कारण बाजारात चाळीसला मिळणारा भोपळा तिथे चारशेला जातो. तरी बोली उपासनागृहाबाहेर, अंगणात. हिशोब आणि पैसे मोजणं सोमवारी, दोघांच्या सह्यांनी. कोंबडा बोलीआधी सावलीत बांधा आणि पाणी ठेवा. दर वर्षी कोणीतरी त्याला उन्हात टोपलीखाली विसरतं, आणि यादीत जनावरं आहेत.

वाडीवाला
कोंबड्यासाठी धावून आलेले पहिले पाळक 🙌

लग्नघर
मध्येच विचारतोय, बाकीचं वाचलं नाही. येत्या शनिवारी घरात लग्न. मिस्सा पाच वाजता. रविवारची परत लागेल का? वाचनं लग्नाची आहेत.

बांगडाफ्राय
लागेल. रविवारची वाचनं हवीत.

वसईची_कॅटेकिस्ट
नाही लागणार. १२४८ मध्ये "कॅथलिक विधीची मिस्सा, त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी" एवढंच आहे, वाचनांची अट नाही. संध्याकाळ कधी सुरू होते यावर कॅनन लॉवाल्यांत मतभेद आहेत. काही दुपारी बारापासून धरतात, बहुतेक चारपासून, कारण पोप पायस बाराव्यांनी १९५३ मध्ये संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी दिली तेव्हा चारच्या आधी नको अशी अट होती. पाच वाजताची निर्धास्त चालते. सकाळी अकराची असती तर नाही. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांनी आधी एक तास काही खायचं नाही, तेव्हा वऱ्हाडाला नाश्ता साडेचारला वाढू नका.

लग्नघर
सुटलो. मग रविवारी सगळे झोपणार. रिसेप्शन रात्री बारापर्यंत आहे.

वसईची_कॅटेकिस्ट
झोपा. पण केटररची मुलं कुठली आहेत? आपल्या गावातली असतील तर ती मिस्सेच्या वेळी मंडपात भांडी लावत असणार, त्यांची शनिवारची होणार नाही. आणि बारानंतर आवरून घरी जायला दोन. रविवारी उशिराची किंवा संध्याकाळची मिस्सा तुमच्याकडे किती वाजता आहे ते त्यांना आधी सांगून ठेवा, आणि जेवण साडेदहाला बंद करा. त्यांचं ताट आधी काढून ठेवायला सांगा, शेवटी नुसता भात उरतो.

लग्नघर
साडेदहा कठीण आहे, नवरदेवाचे मामा अकराला येतात. त्यांचं ताट वेगळं झाकून ठेवतो, बाकी काउंटर बंद. केटररला आत्ताच फोन करतो.